गाडी कडक असली म्हणजे भारी चालते का? राईड आणि हँडलिंग, सोप्या भाषेत

गाड्यांच्या शौकिनांना विचारा, चालवायला सगळ्यात मजा येणारी गाडी कुठली, तर जी नावं येतात ती ऐकून नवीन माणूस गोंधळतोच. माझदा एमएक्स-५, लोटस एलिस, प्यूजो २०५ जीटीआय, फोर्ड फोकसची पहिली पिढी, टोयोटा जीटी८६, अल्पीन ए११०, आणि मग पोर्शे ९११. यातल्या बऱ्याच गाड्यांची ताकद आजच्या साध्या फॅमिली एसयूव्हीएवढीच आहे किंवा त्याहूनही कमी. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या एमएक्स-५ ला १.६ लिटरचं इंजिन होतं, ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, बस. तरी ज्यांनी एक्झॉटिक सुपरकार चालवल्यात ती माणसंही या छोट्या गाडीबद्दल बोलताना खुलतात.

दुसरी गोंधळाची गोष्ट म्हणजे यातल्या बऱ्याच गाड्या कडक नाहीत, उलट छान लवचिक आहेत. आणि आपण तर रिव्ह्यूमध्ये सारखं ऐकतो की "राईड जरा फर्म आहे पण त्यामुळे हँडलिंग मस्त आहे", म्हणजे जणू आराम विकून मजा विकत घ्यायची असते, एक वाढलं की दुसरं कमी होणारच. मला हे वाक्य मनापासून खटकतं. काही अंशी ते खरं आहे, पण बराचसा भाग अर्धवट समजुतीचा आहे, आणि ही समजूत पसरल्यामुळेच लोक २० इंची चाकं आणि दगडासारखं सस्पेन्शन (चाक आणि बॉडीच्या मधली स्प्रिंग वगैरेची रचना) आनंदाने घेतात आणि मग गाडीत पाठ दुखते म्हणतात. म्हणून जरा मुळापासून बघू.

आधी राईड म्हणजे काय आणि हँडलिंग म्हणजे काय

राईड म्हणजे रस्ता जसा आहे तसा तो तुमच्या अंगापर्यंत किती पोचतो ते. हँडलिंग म्हणजे तुम्ही स्टेअरिंग, ब्रेक, ॲक्सिलरेटरमधून जे सांगताय ते गाडी किती नीट ऐकते आणि ऐकताना तुम्हाला परत काय सांगते ते. एवढंच.

राईडचे परत दोन भाग पडतात आणि हे कळलं की रिव्ह्यू वाचायला एकदम सोपे जातात. एक म्हणजे मोठे हेलकावे, वेगात असताना रस्ता लाटेसारखा वरखाली झाला की गाडीची अख्खी बॉडी कशी हलते, एकदा खाली जाऊन शांत होते की डोलतच राहते. दुसरे म्हणजे बारीक गचके, रस्त्याचा खडबडीतपणा, जोड, झाकणं, छोटे खड्डे यांची थरथर आणि दणके. एखादी गाडी हेलकाव्यात उत्तम आणि गचक्यात वाईट असू शकते, किंवा अगदी उलटही. "ही गाडी मऊ आहे" एवढं म्हटलं तर काहीच कळत नाही, यातलं कुठलं मऊ ते विचारलं पाहिजे.

स्प्रिंग एक काम करते, शॉकअप दुसरं

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत म्हणून इथे जरा थांबू.

हातात पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन ओबडधोबड वाटेवरून चालायचंय असं समजा. गुडघे ताठ ठेवून चाललात तर प्रत्येक दगडाला पाणी सांडणार. गुडघे अगदीच ढिले सोडले तर तुम्ही झुलाल आणि तरीही सांडेल. जमतं कधी, तर गुडघा मोकळेपणाने वाकतो आणि मांडीचे स्नायू त्या वाकण्याला लगाम घालतात तेव्हा. गाडीत वाकण्याचं काम स्प्रिंग करते, लगाम घालण्याचं काम शॉकअप करतो. त्याचं नाव शॉक ॲब्झॉर्बर असलं तरी धक्का पचवते ती स्प्रिंग, शॉकअप फक्त स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. आत ऑइल असतं, त्यातून पिस्टन फिरतो, ऑइल बारीक झडपांमधून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होऊन जाते. शॉकअप संपलेली गाडी गतिरोधकानंतर दोन-तीनदा डुलते ती त्यामुळेच, कारण स्प्रिंगला गप्प करणारं कोणी उरलेलं नसतं.

आता एक आकडा, फार उपयोगी आहे. प्रत्येक गाडीची बॉडी तिच्या स्प्रिंगवर एका ठराविक लयीत हलते. आरामदायी गाड्यांत ही लय सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा असते, स्पोर्टी गाड्यांत दीड ते दोनच्या आसपास. माणूस चालतो तेव्हा सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, म्हणजे या लयीत वरखाली होणं शरीराला ओळखीचं आहे. पण सेकंदाला चार ते आठ वेळाची उभी थरथर माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते, कारण पोटातल्या अवयवांची आणि धडाची स्वतःची लय तिथेच कुठेतरी बसते. आणि दुसऱ्या टोकाला लय खूपच संथ झाली, म्हणजे एक हेलकावा पूर्ण व्हायला दोन ते दहा सेकंद लागायला लागले, की बोटीत बसल्यासारखं मळमळायला लागतं. म्हणजे जितकं मऊ तितकं छान असंही अजिबात नाही.

अजून एक सुंदर गोष्ट आहे जी गाडीप्रेमींनाही कधीकधी माहीत नसते. पुढचं चाक उंचवट्यावरून जातं, मग थोड्या वेळाने मागचं चाक त्याच उंचवट्यावर येतं. अडीच मीटर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर असेल आणि वेग ताशी ६० किलोमीटर असेल तर हा उशीर असतो सेकंदाचा सातवा हिस्सा. पुढचा भाग आधीच हलायला लागलेला आणि मागचा नंतर, मग गाडी नाक वर शेपूट खाली, नाक खाली शेपूट वर अशी डोलते आणि हेच माणसाला सगळ्यात जास्त नकोसं वाटतं. मॉरिस ऑली नावाचे इंजिनिअर, आधी रोल्स-रॉईसमध्ये आणि १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये, त्यांनी दाखवून दिलं की मागच्या स्प्रिंगची लय पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवली तर मागचा भाग उशिरा सुरुवात करूनही पुढच्याला गाठतो, आणि दोन्ही टोकं एकत्र वरखाली व्हायला लागतात. गाडी डोलायच्या ऐवजी सपाट राहून हलते आणि तेच अंगाला सोपं जातं. नव्वद वर्षं होत आली तरी सस्पेन्शन सेट करणारे लोक हा विचार सोडत नाहीत.

पण मऊ गाडीला ग्रिप कशी मिळणार?

हा पहिला आक्षेप, आणि याचं उत्तर कळलं की अर्धी लढाई जिंकली.

गाडी आणि रस्ता यांच्यात जे काही घडतं ते चार टायरच्या चार ठिपक्यांतून घडतं, प्रत्येक ठिपका साधारण तळहाताएवढा. टायर रस्त्यावर दाबलेला असेल तरच ग्रिप. चाक उसळून हवेत गेलं, अगदी क्षणभर आणि अगदी कागदाएवढं, तर त्या क्षणी त्या चाकाची ग्रिप शून्य, ब्रेकही शून्य आणि स्टेअरिंगही शून्य. खराब रस्त्यावर कडक स्प्रिंगची गाडी वळणात बाजूला टप्पे खात सरकते ती यामुळे. लवचिक सस्पेन्शन चाकाला खड्ड्यात खाली जाऊ देतं, उंचवट्यावर वर येऊ देतं आणि टायर चिकटून राहतो. म्हणजे जे सस्पेन्शन तुमच्या पाठीला बरं वाटतं तेच खऱ्या रस्त्यावर टायरलाही बरं वाटतं, आणि राईड आणि हँडलिंग इथे एकमेकांच्या विरोधात नाही तर एकाच बाजूला उभे असतात.

पुरावा हवा असेल तर सिट्रोएन डीएस. १९५५ ला पॅरिसच्या मोटर शोमध्ये आली, स्टीलच्या स्प्रिंग नाहीतच, त्याऐवजी प्रत्येक चाकाला एक पोकळ गोळा, त्यात नायट्रोजन वायू, आणि चाकाची हालचाल तेलाच्या दाबातून त्या वायूपर्यंत नेलेली. पॉल माजेस यांच्या डोक्यातून आलेली ही सिस्टीम. मागे कितीही सामान भरा, गाडी स्वतःची उंची स्वतः राखायची, आणि राईड अशी की आजही जुन्या गाड्यांचे चाहते तिच्याबद्दल आदराने बोलतात. आता अशी गादीसारखी गाडी रेसमध्ये काय करणार? तर तिचीच साधी बहीण, आयडी१९, १९५९ ची मोंटे कार्लो रॅली जिंकली. बर्फ, डोंगरातली वळणं, खराब रस्ते, आणि तिथे जिंकली ही गाडी. कच्च्या रस्त्यावरच्या आजच्या रॅली गाड्या बघा, त्यांचं सस्पेन्शन केवढं खालीवर होतं, चाक बॉडीच्या आत जातं आणि बाहेर येतं. त्यांना कडकपणा नको असतो, चाकाला फिरायला जागा आणि त्यावर घट्ट लगाम हवा असतो.

वळणात झुकते त्याचं काय?

झुकते, मान्य. पण झुकणं आणि ग्रिप जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जातं. किती जातं हे ठरतं तीन गोष्टींवर: गाडीचं वजन, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर आहे, आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. स्प्रिंग कडक की मऊ याने एकूण सरकणाऱ्या वजनात जवळजवळ काहीच फरक पडत नाही! कडक गाडी कमी झुकते म्हणून वजन कमी सरकतं असं आपल्याला वाटतं, पण वजन तितकंच सरकतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. आणि माझ्या मते न दिसण्यात तोटा आहे. थोडी झुकणारी गाडी चालवणाऱ्याला हळूहळू सांगत असते की आता बाहेरच्या टायरवर इतका भार आला, आता अजून आला, आता संपत आलं. एमएक्स-५ झुकते हे तिचे चाहतेही मान्य करतात, आणि कमी वेगातही ती जिवंत वाटते त्याचं एक कारण तेच आहे.

झुकणं आवरायला अँटी-रोल बार असतो. डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारा एक वाकवलेला स्टीलचा दांडा, गाडी एका बाजूला कलली की तो पिळला जातो आणि विरोध करतो. उपयोगी वस्तू आहे, पण फार जाड केला की डावं चाक खड्ड्यात गेल्याचा झटका उजव्या बाजूलाही पोचतो आणि डोकं डावी-उजवीकडे झटकलं जातं. उंच एसयूव्हींना कमी झुकवायचं असेल तर जाड बार लावावे लागतात, त्यामुळे त्या मोठ्या लाटांवर मऊ आणि एका बाजूच्या खड्ड्यावर झटकणाऱ्या निघतात. २०११ मध्ये मॅक्लारेनने एमपी४-१२सी काढली तेव्हा नेहमीचे बार काढूनच टाकले, चारही शॉकअप तेलाच्या नळ्यांनी एकमेकांना जोडले, म्हणजे वळणात गाडी कललीच नाही पाहिजे पण एकटं चाक मात्र मोकळं. ती सुपरकार चालवणाऱ्यांना सगळ्यात आधी जाणवली ती तिची राईड.

वजन सरकण्याचाच आणखी एक खेळ म्हणजे प्यूजो २०५ जीटीआय आणि जुन्या ९११. वळणाच्या मध्यात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे जातो, मागचे टायर हलके होतात आणि शेपूट बाहेर निघते. ९११ मध्ये तर इंजिनच मागच्या एक्सलच्या मागे, त्यामुळे एकदा शेपूट निघाली की ती थांबवणं अवघड. ज्यांना जमलं त्यांना तेच आवडलं, ज्यांना नाही जमलं त्यांनी गाड्या ठोकल्या.

वजन, वजन, आणि परत वजन

शौकिनांच्या यादीत एक धागा सारखा सापडतो तो म्हणजे हलकेपणा. पहिली एमएक्स-५ एक टनाच्या आत. १९९६ ची लोटस एलिस साधारण ७२५ किलो, ॲल्युमिनियमचे साचेबद्ध तुकडे वेल्डिंग न करता चक्क चिकटवून तिची चॅसी, म्हणजे सांगाडा बनवला होता. २०१७ ला परत आलेली अल्पीन ए११० सुमारे ११०० किलो, आजच्या काळात एसी, एअरबॅग सगळं देऊन.

हलकेपणाने नक्की होतं काय? बॉडी हलकी की तीच आरामशीर लय मिळवायला स्प्रिंग कमी ताकदीची पुरते, बार पातळ पुरतो, टायर अरुंद पुरतात, ब्रेक छोटे पुरतात, चाकं हलकी होतात, आणि चाकं हलकी झाली की शॉकअपचं काम सोपं होतं. एक गोष्ट दुसरीला हात देत जाते. अल्पीनच्या इंजिनिअरांनी हेच केलं, चारही बाजूंना डबल विशबोन, म्हणजे चाक वरखाली होताना त्याचा कोन नीट राखणारी दोन आर्मची (चाक बॉडीला जोडणाऱ्या दांड्यांची) रचना, त्यामुळे गाडी झुकली तरी टायर रस्त्यावर सपाट बसतो, आणि मग स्प्रिंग आणि बार मऊ ठेवायची मोकळीक मिळाली. चाक वर येता येता शेवटाला आदळू नये म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे स्टॉप. परिणाम असा की गाडी स्पोर्ट्स कार आहे पण खराब रस्त्यावर रुसत नाही.

ही विचारपद्धत लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्याकडून आलेली. १९६२ च्या लोटस एलानचं वजन ७०० किलोच्या आसपास, स्प्रिंग मऊ, चाकांना वरखाली व्हायला जागा भरपूर, आणि लगाम शॉकअपच्या हातात. माझदाने एमएक्स-५ करताना एलान डोळ्यासमोर ठेवली होती. म्हणजे आज ज्या गाडीला लोक सगळ्यात मजेदार म्हणतात तिच्या मुळाशी मऊ स्प्रिंगवाली गाडी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता इथे एक खरा आक्षेप येतो: "पण जड गाड्याच तर जास्त आरामदायी असतात, मोठ्या लक्झरी सेदान बघा." बरोबर आहे, आणि हे टाळून चालणार नाही. चाक, टायर, ब्रेक, हब हे सगळं स्प्रिंगच्या खाली असतं, बॉडी वर. खालचं वजन वरच्याच्या तुलनेत जितकं कमी तितकी राईड चांगली. समजा एका कोपऱ्यात चाकाचा भाग ४० किलो आणि वर बॉडीचे २५० किलो, तर उसळलेलं चाक बॉडीला बऱ्यापैकी हलवेल. तेच वर ५५० किलो असतील तर बॉडी ढिम्म राहील. म्हणून सरळ रस्त्यावर जड गाडी शांत असते आणि हलक्या गाडीला बारीक गचके जास्त कळतात. पण वळण आलं, ब्रेक मारला, दिशा पटकन बदलायची वेळ आली की त्याच वजनाचा हिशोब टायरला चुकवावा लागतो, आणि टायरवर भार दुप्पट केला तर ग्रिप दुप्पट होत नाही, कमीच वाढते. जड गाडी रुंद टायर घेऊन ही भरपाई करते, रुंद टायर मोठी चाकं मागतात, मोठी चाकं जड असतात, आणि मग जो राईडचा फायदा होता तो हळूहळू परत गळायला लागतो.

मग रेसच्या गाड्या दगडासारख्या का असतात?

कारण त्यांचा रस्ता वेगळा आणि त्यांची हवा वेगळी. ट्रॅक गुळगुळीत असतो, आणि फॉर्म्युला वनची गाडी वेगात असताना हवेचा दाब तिला प्रचंड जोराने खाली दाबतो. हा दाब गाडी जमिनीपासून किती उंचीवर आहे यावर अवलंबून, त्यामुळे ती उंची मिलिमीटरमध्ये सांभाळायची तर स्प्रिंग कडक हवीच. त्यातही २०२१ पर्यंत फॉर्म्युला वनमध्ये १३ इंची छोटी चाकं आणि जाड भिंतीचे टायर होते, म्हणजे सस्पेन्शनचं बरंच काम टायरची भिंतच करायची. २०२२ मध्ये नियम बदलले, चाकं १८ इंची झाली, गाडीला खाली खेचणारा जोर जास्त करून तळाखालून वाहणाऱ्या हवेतून यायला लागला आणि गाड्या वेगात असताना थडथडायला लागल्या. बाकूच्या रेसनंतर लुईस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून बाहेर आला ते सगळ्यांनी बघितलं. शेवटी एफआयएला, म्हणजे नियम करणाऱ्या संस्थेला त्या उसळण्यावर मोजमापाची मर्यादा घालावी लागली. जगातल्या सगळ्यात फिट ड्रायव्हरांचं शरीर जे सहन करत नव्हतं ते आपण रोजच्या गाडीत स्पोर्टी म्हणून का मागायचं?

मोठी चाकं, पातळ टायर

टायरची रबरी भिंत ही गाडीची पहिली स्प्रिंग. बारीक गचका सस्पेन्शनपर्यंत पोचायच्या आधी इथेच मरायला हवा. चाक मोठं, टायर पातळ केला की ही पहिली स्प्रिंग जवळपास गेली, वर मोठं चाक जड. वळताना पातळ टायर कमी मुरडतो म्हणून स्टेअरिंग जरा चपळ वाटतं हे खरं, पण १६-१७ इंचांवरून २० वर जाताना तो फायदा लवकर संपतो आणि उरतो तो देखावा.

टोयोटाने २०१२ च्या जीटी८६ मध्ये उलट केलं. २१५ मिलिमीटर रुंदीचे, साधेसे टायर मुद्दाम दिले. ग्रिपची मर्यादा खाली आणली की कमी वेगातही गाडी टायरच्या टोकावर खेळते, आणि टायर सुटायला लागलाय हे हळू आणि स्पष्ट कळतं. बरेच मालक पहिल्याच महिन्यात रुंद टायर लावतात आणि गाडीची अर्धी गंमत घालवतात असं माझं स्पष्ट मत आहे.

"स्टेअरिंग बोलतं" हे खरंच असतं का?

असतं. वळताना टायरचा ठिपका थोडा मुरडतो आणि परत सरळ व्हायला बघतो, तो जोर स्टेअरिंगमधून हाताला लागतो. गंमत अशी की टायर घसरायच्या जरा आधीच हा जोर कमी व्हायला लागतो, म्हणजे स्टेअरिंग हलकं होतं आणि हातांना सूचना मिळते. पहिल्या एलिसला पॉवर स्टेअरिंगच नव्हतं, त्यामुळे ही सूचना गाळल्याशिवाय यायची. पोर्शेने २०११ च्या ९११ मध्ये इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आणलं तेव्हा चाहत्यांनी नाराजी दाखवली ती याच कारणाने. पुढे सेटिंग सुधारत गेलं आणि ती तक्रारही बरीच कमी झाली, अल्पीनलाही इलेक्ट्रिकच आहे आणि कोणाचं फारसं अडत नाही.

सेटिंग करणारी माणसं

सारखेच भाग लावून दोन कंपन्या पूर्णपणे वेगळ्या गाड्या बनवतात. झडपा किती घट्ट, रबरी बुश किती नरम, स्प्रिंगची लय किती, हे शेवटी माणसं बसून, चालवून, बदलून ठरवतात. १९९८ ची फोकस याचं उत्तम उदाहरण. त्या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना मागे दोन्ही चाकांना जोडणारा साधा एकसंध बीम असायचा, फोर्डने प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र, अनेक आर्मचं सस्पेन्शन दिलं, तेही पत्र्याचे दाबून केलेले आर्म वापरून खर्च आवरून. पण नुसत्या भागांनी ती गाडी तशी झाली नाही. रिचर्ड पॅरी-जोन्स हे फोर्डचे इंजिनिअर पहिल्या ५० मीटरमध्ये गाडीचा दर्जा कळतो असं मानायचे: स्टेअरिंग, ब्रेक, क्लच, गिअर, राईड सगळ्यांचं वजन आणि लय एकमेकांशी जुळते का. साध्या कौटुंबिक हॅचबॅकला त्यांनी ही शिस्त लावली, आणि २००३ मध्ये पाचव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फलाही मागे असंच अनेक आर्मचं (मल्टी-लिंक) सस्पेन्शन आलं.

इलेक्ट्रॉनिक शॉकअपने हा प्रश्न सुटला ना?

बराच. २००२ मध्ये कॅडिलॅकने असे शॉकअप आणले ज्यांच्या तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, वीज सोडली की चुंबकीय क्षेत्राने तेल काही मिलिसेकंदात दाट होतं. एकच गाडी शहरात नरम आणि वळणावर घट्ट. आज असे किंवा झडपा बदलणारे शॉकअप बऱ्याच गाड्यांत मिळतात आणि चांगल्या हातांनी सेट केलेले असतील तर कमाल करतात. पण शॉकअप फक्त लगाम बदलतो. वजन तेच, चाक तितकंच जड, टायर तितकाच पातळ. "कम्फर्ट" बटण दाबून २१ इंची चाकाचा दणका जात नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांत हा पेच जास्त जाणवतो. बॅटरी फरशीत असल्याने गुरुत्वमध्य खूप खाली, त्यामुळे झुकणं आपोआप कमी, खरं तर बार पातळ ठेवायची छान संधी. पण वजन सहज दोन टनांच्या वर, ते तोलायला कडक स्प्रिंग आणि जाडजूड टायर. पोर्शे टायकान, ह्युंदाई आयोनिक ५ एन या गाड्या शौकिनांनाही आवडल्यात, म्हणजे चांगलं काम करता येतं हे सिद्ध झालंय. तरी बॅटरी हलक्या होतील तेव्हा खरी मजा येईल, कारण इतका खाली गुरुत्वमध्य आणि कमी वजन हे दोन्ही एकत्र साध्या पेट्रोल गाडीला सहसा जमत नाही.

टेस्ट ड्राइव्हला हे सगळं ओळखायचं कसं

शोरूमवाला चकाचक रस्त्यावर नेतो, तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. त्याला खराब रस्त्यावर न्यायला सांगा. आधी हळू, ताशी २०-३० ने, बारीक खडबडीवरून, आणि फक्त गचके बघा, आवाज बघा, दणका गोल येतो की टोकदार. मग वेगात, मोठ्या लाटेवरून, बॉडी एकदा हलून शांत होते का ते बघा. एका बाजूचं चाक खड्ड्यातून गेलं की डोकं झटकलं जातं का ते बघा. सुरक्षित जागा असेल तर खराब पृष्ठभागाच्या वळणात गाडी रेघ धरते की टप्पे खाते हेही कळतं, आणि चांगल्या गाडीला वळणातल्या उंचवट्याने फरकच पडत नाही, हे एकदा अनुभवलं की माणूस विसरत नाही.

निघायच्या आधी टायरमधली हवा मात्र तपासून घ्या, कारण शोरूममध्ये उभ्या गाड्यांच्या टायरमध्ये बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त हवा असते आणि त्या हवेत चांगली गाडीही कडक वाटते. आणि एकाच गाडीत दोन मापाची चाकं मिळत असतील तर दोन्ही चालवून बघा, फोटो बघून ठरवू नका.